फायब्रोमायल्जियात दुखऱ्या दिवसापेक्षा बऱ्या दिवसाला जपा

तुमचा प्रश्न थोडक्यात पुन्हा मांडते, म्हणजे माझा काही गैरसमज झाला असेल तर तुम्हाला सांगता येईल. वय ४१, साताऱ्याजवळ जिल्हा परिषद शाळेत शिक्षिका. तीन वर्षांपासून मान, दोन्ही खांदे, पाठ, कंबर, मांड्या, पोटऱ्या दुखतात. सकाळी उठल्यावर अंग आंबून गेलेलं असतं, फळ्यावर लिहिताना हात भरून येतो, वर्गातल्या मुलांची नावं ऐन वेळी आठवत नाहीत, आठवड्यातून दोनतीनदा डोकं दुखतं. रक्ताचे रिपोर्ट नॉर्मल, मणक्याच्या एमआरआयमध्ये ‘गादी थोडी सरकलीय’ एवढंच. व्हिटॅमिन डीची इंजेक्शनं झाली, कॅल्शियम झालं. एका डॉक्टरांनी फायब्रोमायल्जिया (अंगभर, दीर्घकाळ टिकणारं दुखणं) सांगून प्रीगॅबालिन ही गोळी दिली, त्याने गरगरायला लागलं म्हणून तुम्ही चार दिवसांत बंद केलंत. दुसऱ्यांनी ‘टेन्शन घेऊ नका’ म्हणून परत पाठवलं. सासूबाई म्हणतात, आमच्या वेळी असले आजार नव्हते. आणि तुम्ही विचारताय की हे खरंच काही आहे का, असेल तर कोणत्या गोळीने बरं होतं.

मी संधिवाततज्ज्ञ आहे. अशी दुखणी घेऊन येणारे लोक माझ्या ओपीडीत रोज असतात. बायका जास्त, पण पुरुषही असतात आणि ते बहुतेक वेळा उशिरा येतात. तर पहिलं उत्तर सरळ देते: हो, हा खरा आजार आहे, आणि तुम्ही लिहिलंय ते त्याच्याशी बऱ्यापैकी जुळतं. गोळीचं उत्तर मात्र मी मागे ठेवणार आहे, कारण तुमच्या लिहिण्यात दोन वाक्यं आहेत ज्यांच्यावर कुणाचंच लक्ष गेलेलं दिसत नाही. एक, ‘गेल्या महिन्यात एक रविवार फार बरा गेला म्हणून माळा काढला, पडदे धुतले, आणि सोमवार-मंगळवार रजा टाकावी लागली.’ दुसरं, ‘व्यायाम करून बघितला, मैत्रिणींबरोबर अजिंक्यताऱ्यावर चढले, चार दिवस जिना उतरता येईना, म्हणून सोडला.’ सगळी गोम या दोन वाक्यांत आहे. तिकडे येतेच.

आधी ओळखायचं कसं ते. १९९० च्या अमेरिकन निकषांत अंगावरच्या ठरावीक १८ जागा दाबायच्या आणि त्यातल्या ११ दुखल्या तर फायब्रोमायल्जिया, असा हिशेब होता. दाब किती, तर साधारण चार किलो, म्हणजे दाबणाऱ्याच्या अंगठ्याचं नख पांढरं पडेल एवढा. मी अजूनही दाबून बघते, पण वेगळ्या कारणासाठी. मानेच्या मुळाशी किंवा कोपराच्या बाहेरच्या बाजूला माझं नख जेमतेम फिकं होत असतं, तोवर पेशंट दचकून हात ओढून घेते. शेजारी मोबाइल बघत बसलेला नवरा तेव्हा कुठे मान वर करतो. त्याच्या कोपरावर तेवढाच दाब दिला की तो म्हणतो, काहीच नाही. एवढ्याने अर्धं समुपदेशन होतं.

निदान मात्र आता या १८ जागांवर अवलंबून नाही. २०१० मध्ये निकष बदलले आणि २०१६ मध्ये पुन्हा सुधारले. आता शरीराचे १९ भाग धरतात आणि गेल्या आठवड्यात त्यातले किती दुखले ते मोजतात. त्याशिवाय थकवा, झोपेतून उठल्यावर ताजंतवानं न वाटणं आणि विसराळूपणा किंवा लक्ष न लागणं, या तिन्हींना प्रत्येकी शून्य ते तीन गुण. डोकेदुखी, ओटीपोटात कळा आणि उदासपणा गेल्या सहा महिन्यांत असतील तर प्रत्येकी एक गुण. दुखरे भाग ७ किंवा जास्त आणि लक्षणांचे गुण ५ किंवा जास्त असले, अथवा भाग ४ ते ६ आणि गुण ९ किंवा जास्त असले, तर निकष बसतो. अट अशी, की दुखणं शरीराच्या पाचपैकी किमान चार विभागांत पसरलेलं हवं आणि तीन महिने तरी साधारण त्याच तीव्रतेने टिकलेलं हवं. तुमचं वर्णन घेतलं तर मान, दोन खांदे, पाठ, कंबर, दोन मांड्या, दोन पोटऱ्या मिळून नऊ भाग झाले. लक्षणांचे गुणही सात-आठच्या खाली येणार नाहीत. कागदावर निकष बसतो. तपासल्याशिवाय निदान मी करणार नाही, पण तुमच्या पहिल्या डॉक्टरांनी अंदाजपंचे नाव दिलेलं नाही, एवढं नक्की.

याच सुधारणेत आणखी एक गोष्ट स्पष्ट केली आहे. दुसरा आजार असला तरी फायब्रोमायल्जिया असू शकतो. सांधेवाताच्या पेशंटचा रक्तातला दाह आटोक्यात आलेला असतो, सांधे सुजलेले नसतात, तरी ती म्हणते सगळं अंग ठणकतंय. तिथे सांधेवाताची औषधं वाढवत नेणं चुकीचं ठरतं. थायरॉइडचंही तसंच आहे. टीएसएच गोळीने जागेवर आलं आणि दुखणं राहिलं, तर दुखण्याचा वेगळा विचार करावा लागतो.

रिपोर्ट नॉर्मल म्हणजे काय काय बघितलंय, हे तुम्ही लिहिलेलं नाही. माझ्या मते एवढ्या तपासण्या पुरतात: हिमोग्लोबिनसकट रक्तपेशींची मोजणी, ईएसआर आणि सीआरपी (अंगातला दाह कळायला), टीएसएच, सीपीके (स्नायूंसाठी), कॅल्शियम, साखर, व्हिटॅमिन डी आणि बी१२. आरए फॅक्टर (सांधेवातासाठी) आणि एएनए (ल्युपससारख्या, प्रतिकारशक्ती स्वतःच्याच अंगावर उलटणाऱ्या आजारांसाठी) सरसकट करू नये. एएनए कमी प्रमाणात धडधाकट माणसांतही पॉझिटिव्ह येतो आणि मग आधीच दुखण्याने बेजार झालेल्या बाईच्या डोक्यात ‘ल्युपस’ हा नवा भुंगा शिरतो. सांधे सुजत असतील, तोंड-डोळे कोरडे पडत असतील, उन्हाने चेहऱ्यावर चट्टे येत असतील, तरच तो करावा. एमआरआयमधली सरकलेली गादी चाळिशीत काहीही न दुखणाऱ्या कित्येकांना असते. कमरेतल्या गादीने मान, खांदे आणि पोटऱ्या एकदम दुखत नाहीत. ती फाइल कपाटात ठेवून द्या.

व्हिटॅमिन डीबद्दल जरा थांबते, कारण आपल्याकडे अंग दुखलं की सहा लाख युनिटचं इंजेक्शन हे ठरून गेलंय. कमतरता असेल तर ती भरून काढायलाच हवी. फार कमी असेल तर हाडं मऊ पडतात, मांडी घालून बसल्यावर जमिनीवर हात टेकल्याशिवाय उठता येत नाही, नडगीवर बोट दाबलं तरी कळ येते. त्याला फायब्रोमायल्जिया म्हणून सोडून देणं गुन्हा आहे. पण पातळी एकदा भरली की पुढची इंजेक्शनं दुखणं कमी करत नाहीत, उलट रक्तातलं कॅल्शियम वाढवून किडनीला त्रास देतात. तुमची किती झाली आणि शेवटची पातळी किती होती, हे बघितल्याशिवाय आणखी एक घेऊ नका.

काही लक्षणं असली तर माझं हे सगळं बाजूला ठेवून आधी डॉक्टरांकडे जा: ताप किंवा वजन घटणं, सांध्यांवर दिसणारी सूज, सकाळचा ताठरपणा तासभराहून जास्त टिकणं, पहाटे कमरेच्या दुखण्याने जाग येऊन हिंडल्यावर बरं वाटणं, हातापायांतली ताकद खरोखर कमी होणं, लघवी-संडासावरचा ताबा जाणं. पन्नाशीनंतर पहिल्यांदाच दोन्ही खांदे आणि नितंब आखडायला लागले आणि ईएसआर वाढलेला असला, तर तो पॉलिमायल्जिया असू शकतो, त्याचा उपचार पूर्ण वेगळा आहे. कोलेस्टेरॉलची गोळी चालू झाल्यावर स्नायू दुखायला लागले असतील तर तेही सांगायला हवं. आणि मागे कधी चिकुनगुनिया झाला होता का, हे आठवून बघा. २००६ च्या साथीनंतर महाराष्ट्रात सांधे धरलेल्या पेशंटची रांग लागली होती आणि त्यातल्या काहींचं दुखणं पुढे अंगभर पसरून राहिलं.

आता ‘टेन्शन घेऊ नका’. हे वाक्य ऐकून बाहेर पडणाऱ्या माणसाच्या कानात ‘तुम्ही नाटक करताय’ एवढंच शिरतं, म्हणून मी ते वापरत नाही. फायब्रोमायल्जियात स्नायू किंवा सांधे खराब झालेले नसतात. मज्जारज्जू आणि मेंदूतली दुखणं मोजणारी यंत्रणा हळवी झालेली असते. एकदा चोरी होऊन गेलेल्या गल्लीतला गुरखा मांजर गेलं तरी शिट्टी फुंकतो, तसं काहीसं. शिट्टी खरीच असते आणि लोकांची झोपही खरीच मोडते, चोर मात्र नसतो. २००२ मध्ये अमेरिकेत काही पेशंट आणि काही निरोगी माणसं यांच्या अंगठ्याच्या नखावर दाब देऊन मेंदूचं फंक्शनल एमआरआय काढलं होतं. निरोगी माणसांच्या मेंदूत जी हालचाल दिसायला बराच जास्त दाब लागत होता, ती पेशंटच्या मेंदूत हलक्या दाबाला दिसली. पाठीच्या कण्यातल्या पाण्यात सबस्टन्स पी हे वेदनेचा निरोप नेणारं द्रव्य दुपटी-तिपटीने वाढलेलं सापडलं आहे. हे कुणाला ठरवून करता येत नाही.

ताण, चिंता, उदासपणा यांचा संबंध नाही असंही मी म्हणणार नाही. गुरख्याला घाबरवणाऱ्या गोष्टींत त्या असतातच. कुणाचं दुखणं अपघातानंतर सुरू होतं, कुणाचं बाळंतपणानंतर, कुणाचं घरातलं माणूस गेल्यावर, आणि कित्येकांना कारण सापडतच नाही. उदासपणा जोडीला असेल तर त्याचा उपचार त्याच्या नावाने करायचा. तो केल्याने दुखण्याला मदत होते, पण सगळं दुखणं त्याच्या खात्यावर टाकायचं नाही.

सासूबाईंचं म्हणणं मी मनावर घेणार नाही, तुम्हीही घेऊ नका. १९०४ मध्ये इंग्लंडमधल्या एका मोठ्या मेंदूविकारतज्ज्ञाने अशा स्नायूंच्या दुखण्याला ‘फायब्रोसायटिस’ हे नाव दिलं, आजचं नाव १९७६ पासूनचं. पुण्याजवळ भिगवणला १९९६ मध्ये घरोघरी जाऊन हाडा-सांध्यांच्या दुखण्याचं मोठं सर्वेक्षण झालं, त्यातही नेमक्या कुठल्याच सांधेवातात न बसणारं अंगदुखीचं प्रमाण भरपूर निघालं. भारा वाहणाऱ्या, पाणी शेंदणाऱ्या त्या बायका ‘अंग दुखतंय’ म्हणत होत्याच, त्यांना विचारायला कुणी जात नव्हतं.

आता त्या रविवारकडे. असा आजार असलेल्या माणसाचा आठवडा मी हजारदा ऐकलेला आहे. तीनचार दिवस अंग धरलेलं असतं, कामं साचतात, घरात कुणी बोललं नाही तरी मनातल्या मनात यादी चालू असते. मग एक दिवस बरा उजाडतो. त्या दिवशी माळा, पडदे, डाळी निवडणं, राहिलेल्या वह्या, सगळं निघतं. संध्याकाळपर्यंत छान वाटतं, कारण काम झाल्याचं समाधान असतं. दुसऱ्या दिवशी अंगातून कळा. मग दोन दिवस पूर्ण झोपून. त्या दोन दिवसांत हालचाल नाही, दुपारी झोप काढल्यामुळे रात्रीची झोप नाही, स्नायूंची उरलीसुरली सवय जाते, आणि पुढच्या बऱ्या दिवशी तेवढंच काम आणखी महाग पडतं. वर्ष-दोन वर्षं असं चाललं की बरे दिवस महिन्यात बोटांवर मोजण्याएवढे राहतात. गौरी-गणपती उठल्यावर आणि दिवाळीच्या फराळानंतर माझ्याकडे गर्दी का होते, हे आता नव्या रिसेप्शनिस्टलाही माहीत आहे.

म्हणून माझ्या पेशंटला मी सांगते, वाईट दिवस आपोआप जातो, सांभाळायचा तो बरा दिवस. करायचं असं. पहिले दोन आठवडे काहीही बदलू नका, फक्त लिहा. दुधाचा हिशेब मांडता त्याच कॅलेंडरच्या चौकटीत तीन गोष्टी: जड काम कोणतं केलं, सलग किती वेळ केलं, दुसऱ्या दिवशी अंग कसं होतं. मोठी डायरी घालू नका, ती चार दिवसांत बंद पडते. दोन आठवड्यांनी दिसायला लागतं की, उदाहरणार्थ, २० मिनिटं सलग उभं राहिलं तर चालतं, ४० मिनिटं राहिलं की दुसरा दिवस जातो. मग तुमची मर्यादा २० धरायची, आणि सुरुवात १५ पासून करायची. मोबाइलवर गजर लावायचा, तो वाजला की थांबायचं. बरं वाटत असताना, हातातलं काम अर्धं असताना थांबायचं. सगळ्यात अवघड हेच आहे आणि बहुतेक जणी इथेच गाडी सोडतात. ‘एवढं झालं की बसते’ हे वाक्य तोंडात आलं की समजा, मर्यादा ओलांडली.

स्वयंपाकघरात याचा अर्थ काय? पोळ्या लाटायला टेबल-खुर्ची. ओट्यापाशी उभं राहूनच लाटलं पाहिजे असा कुठे नियम नाही. भरलेला कुकर दोन्ही हातांनी उचलायचा किंवा कुणाला तरी उचलायला लावायचा. ओल्या कपड्यांची बादली गच्चीवर न नेता बाल्कनीतल्या स्टँडवर भागवायचं. फराळाचं म्हणाल तर भाजणी आदल्या आठवड्यात, चिवडा एक दिवस, चकल्या दुसऱ्या दिवशी, आणि करंज्या सरळ विकत. करंज्या विकत आणल्या म्हणून देवाचा कोप झाल्याचं माझ्या तरी ऐकिवात नाही. शाळेत फळ्याच्या वरच्या भागात लिहिणं टाळा, खांद्याच्या उंचीपर्यंतच लिहा, वरचं एखाद्या उंच मुलाला लिहू द्या, त्यांना आवडतं. पेपर तपासणं अर्ध्या तासाच्या तुकड्यांत. निवडणुकीची, सर्वेक्षणाची कामं तुमच्या हातात नाहीत हे मला ठाऊक आहे, माझ्या पेशंटमध्ये शिक्षिका खूप आहेत. पण ड्युटीची तारीख कळली की त्या आठवड्यात घरातलं कोणतं काम होणार नाही, हे आधीच जाहीर करता येतं.

हाच नियम व्यायामाला. युलार या संधिवाततज्ज्ञांच्या युरोपीय संघटनेच्या फायब्रोमायल्जियाविषयीच्या शिफारशी २०१७ मध्ये छापून आल्या. गोळ्या, मालिश, ॲक्युपंक्चर, समुपदेशन अशा कितीतरी गोष्टी त्यांनी तपासल्या, पण ठाम शिफारस फक्त व्यायामाची केली. मग तुम्हाला व्यायामाने त्रास का झाला? कारण तीन वर्षं न हललेल्या अंगाने पहिल्याच दिवशी किल्ला चढलात. ते व्यायाम न झेपण्याचं लक्षण नाही, प्रमाण चुकल्याचं आहे. सपाट रस्त्यावर ८-१० मिनिटं, एक दिवसाआड, एकट्याने. मैत्रिणींबरोबर नको, त्यांच्या चालीने चाललं जातं. आठवडाभर तेवढंच, मग दर आठवड्याला मिनिट-दोन मिनिटं वाढ. दुसऱ्या दिवशी थोडं जडपण येणारच, ते चालेल. दोन दिवस टिकलं तर आधीच्या आठवड्याच्या वेळेवर परत यायचं, बंद नाही करायचं. तीनचार महिन्यांत अर्ध्या तासापर्यंत पोचलात तर उत्तम गती आहे. मग खुर्चीवरून हात न टेकता उठणं-बसणं, भिंतीला हात लावून दंड, अशी ताकदीची दोन-तीन हालचाल जोडायची. ताई ची या संथ हालचालींच्या चिनी व्यायामाचा फायदा २०१० च्या अमेरिकन चाचणीत चांगला दिसला होता. आपल्याकडे त्याचे वर्ग मिळणं कठीण, पण सावकाश योगासनांनी पुष्कळांना बरं वाटतं. सूर्यनमस्कारांची आवर्तनं मात्र सध्या नकोत.

आणि वाईट दिवशी? पूर्ण आडवं पडू नका. नेहमीच्या निम्मं करा, चालणं पाच मिनिटं का होईना करा. बऱ्या दिवसाची उंची थोडी कापायची आणि वाईट दिवसाचा खड्डा थोडा भरायचा, एवढाच हिशेब आहे.

झोपेबद्दल तुम्ही एकाच ओळीत लिहिलंत, ‘झोपते पण झोप अंगी लागत नाही’. ही ओळ मला औषधांपेक्षा महत्त्वाची वाटते. १९७५ मध्ये टोरोंटोत डॉक्टर मोल्डॉफ्स्की यांनी निरोगी तरुणांची फक्त गाढ झोप काही रात्री आवाज करून मोडली, पूर्ण जागं न करता. त्या मुलांचं अंग सकाळी दुखायला लागलं, दाबलं की कळा यायला लागल्या. तेव्हा झोप सुधारणं हा दुखण्यावरचाच उपचार आहे. उठायची वेळ रविवारसकट एकच. दुपारी चारनंतर चहा नाही. दुपारी डोळा लागला तर वीसेक मिनिटं, दोन तास नाही. अंथरुणात वह्या तपासायच्या नाहीत. संध्याकाळी कोमट पाण्याने आंघोळ केली की स्नायू सैल पडतात, ती सवय चांगली. घोरणं असेल, झोपेत श्वास अडकत असेल, तर स्लीप ॲप्नियाची तपासणी हवी, त्यात वजन जास्तच असायला पाहिजे असं नाही. रात्री पाय वळवळत असतील, हलवल्याशिवाय चैन पडत नसेल, तर फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा) बघा, लोह भरल्यावर हा त्रास बऱ्याच जणींचा कमी होतो.

आता गोळ्या. प्रीगॅबालिनने गरगरणं आणि गुंगी येणं हे त्याचे सगळ्यात जास्त दिसणारे परिणाम आहेत. तुम्हाला ७५ मिलिग्रॅम दिवसातून दोनदा सांगितलं होतं, ती पुस्तकातली सुरुवातीची मात्रा आहे. मी स्वतः रात्री २५ किंवा ५० ने सुरू करून आठवड्या-दोन आठवड्यांनी वाढवते, शाळेत उभं राहून शिकवणाऱ्या बाईला तर नक्कीच. चार दिवसांत त्याचा निकाल लागत नाही. पुन्हा तेच हळू सुरू करायचं की दुसरं घ्यायचं, हे तुमच्या डॉक्टरांशी बोलून ठरवा. दुसरा पर्याय ॲमिट्रिप्टिलिन, १० मिलिग्रॅम रात्री झोपायच्या तास-दोन तास आधी. जुनं, स्वस्त, झोपेला चांगलं. तोंड कोरडं पडतं, बद्धकोष्ठ होतं, काचबिंदू किंवा हृदयाच्या ठोक्यांचा त्रास असेल तर चालत नाही. तिसरा ड्युलॉक्सेटिन, सकाळी ३० मिलिग्रॅमपासून. पहिले काही दिवस मळमळतं. मन खचलेलं असेल तिथे मी हे आधी निवडते. इंटरनेटवर ‘डिप्रेशनची गोळी’ असं वाचून अर्धे लोक ते घरीच बंद करतात. ही औषधं दुखण्याचा निरोप दाबणाऱ्या नसांवर काम करतात म्हणून दिली जातात. कुठलंही एकदम बंद करू नका, आणि ड्युलॉक्सेटिन चालू असताना दुसऱ्या डॉक्टरांनी ट्रॅमाडॉल ही दुखण्याची गोळी लिहिली तर आधी विचारा. मूल होण्याचा विचार असेल तर तोही सांगा.

किती अपेक्षा ठेवायची? अमेरिकेने प्रीगॅबालिन २००७ मध्ये, ड्युलॉक्सेटिन २००८ मध्ये आणि मिल्नासिप्रान २००९ मध्ये या आजारासाठी मंजूर केलं. युरोपच्या औषध नियामकाने मात्र फायदा पुरेसा नाही म्हणून तिन्हींना नकार दिला. यावरून काय ते समजा. प्रीगॅबालिनने दुखणं निम्म्यावर येणारे लोक, बिनऔषधाच्या गोळीच्या तुलनेत, साधारण दहातला एक जास्त. ज्याला लागू पडतं त्याला छान पडतं, पण आधी सांगता येत नाही. म्हणून एका वेळी एकच औषध, योग्य मात्रेवर सहा-आठ आठवडे, उपयोग नाही तर हळूहळू बंद. गोळीने झोप लागली आणि चालायला जाण्याएवढं दुखणं कमी झालं, तर तिचं काम झालं असं मी धरते.

डायक्लोफिनॅक, ॲसिक्लोफिनॅकसारख्या दुखण्याच्या गोळ्या रोज घेऊ नका. इथे दाह नसतो, त्यामुळे त्यांचा उपयोग फार थोडा, आणि पोट-किडनीला भुर्दंड. पाळीच्या दिवसांत किंवा डोकं फुटायला आलं तर एखादी ठीक. स्टेरॉइड तर मुळीच नको. नाव नसलेल्या पुड्या आणि काळ्या गोळ्या घेऊन ‘दोन दिवसांत उडी मारायला लागले’ असं कुणी सांगितलं, तर त्यात स्टेरॉइड असण्याची दाट शंका धरा. गरम तेलाने हलकी मालिश, शेक, याला माझी काहीच हरकत नाही. फक्त जोर लावून रगडणारा मालिशवाला नको, दुसऱ्या दिवशी पस्तावाल.

घरच्यांबद्दल एक सुचवते. दुखणं दिसत नाही, त्यामुळे ‘दुखतंय’ या शब्दाला घरात काही दिवसांनी कुणी दाद देत नाही. त्याऐवजी कामाच्या भाषेत सांगा: ‘आज मी पोळ्या करीन, भांडी नाही.’ पुढच्या अपॉइंटमेंटला नवऱ्याला बरोबर न्या आणि डॉक्टरांना त्याच्यासमोर समजावून सांगायला लावा, बायकोने सांगितलेल्यापेक्षा ते जास्त पचतं, दुर्दैवाने. शाळेचं म्हणाल तर २०१६ च्या दिव्यांग कायद्यातल्या २१ प्रकारांत फायब्रोमायल्जिया नाही, त्यामुळे प्रमाणपत्राच्या मागे वेळ घालवू नका. डॉक्टरांचं साधं पत्र देऊन तळमजल्यावरचा वर्ग मागता येतो, मुख्याध्यापक समजूतदार असतील तर मिळतोही.

बरं होतं का, याचं उत्तर माणसागणिक बदलतं. या आजाराने सांधे वाकडे होत नाहीत, स्नायू झडत नाहीत, खुर्चीला खिळायची वेळ या आजाराने येत नाही. दुखणं पूर्ण गेलेले थोडे असतात. बहुतेक जण नीट प्रमाण सांभाळलं तर सहा महिने ते वर्षभरात अशा जागी येतात, जिथे दुखणं आहे पण दिवस त्याच्या ताब्यात नाही, आणि मधूनच थंडीत, परीक्षेच्या दिवसांत, आजारपणानंतर पुन्हा उसळतं. किती सुधारेल हे तुमची झोप, घरातली मदत, नोकरीतली सवलत आणि जोडीचे आजार यांवर बरंच ठरतं, त्यामुळे तारीख मी देऊ शकत नाही.

पुढचं सांगण्याआधी मला चार गोष्टी हव्यात. टीएसएच, ईएसआर आणि हिमोग्लोबिनचे प्रत्यक्ष आकडे, ‘नॉर्मल’ हा शब्द नको. व्हिटॅमिन डीची इंजेक्शनं किती आणि कधी. सकाळचा ताठरपणा नेमका किती मिनिटं टिकतो. आणि तुम्ही झोपेत घोरता का, हे नवऱ्याला विचारून लिहा, स्वतःच्या अंदाजाने नको.